दुसरीच्या वर्गातील साक्ष

दिलसुखनगरात आमच्या मामांचे जे घर आहे ते साईबाबांच्या मंदिरामागील तिसऱ्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर असून, त्याच्या गच्चीवरून हमरस्त्याचा एक तुकडा आणि त्यावरून धावणारी मेट्रो दिसते. हा रस्ता आज विजयवाड्याचा म्हणून ओळखला जातो. परंतु आमच्या घरात त्याला नलगोंड्याचा रस्ता म्हणण्याचा प्रघात आहे, आणि अलीकडे मलकपेटेत ज्या चौकाला नलगोंडा चौरस्ता हे नाव अद्याप चालते, तो चौक या प्रघाताच्या बाजूने उभा आहे. माझे आजोबा परभणीहून निजामाच्या राजधानीत नोकरीसाठी आले तेव्हा परभणी आणि नलगोंडा हे एकाच राज्याचे दोन जिल्हे होते. एका जिल्ह्यातील इसमाची तैनाती दुसऱ्यात होई, आणि त्याला आपण परमुलखात आलो असे वाटत नसे. १९५६ साली ते राज्य विभागले गेले, परभणी मुंबई राज्यात गेली, आणि आम्ही आधी काचीगुड्यात व मग येथे असे राहून गेलो. नलगोंडा मात्र घरातून कधी गेला नाही, कारण मामांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे त्या जिल्ह्यातील विहिरींवर खर्च झाली.

मामा एका वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे माझी मावशी, हिने चौतीस वर्षे सरकारी हिशेबतपासणीत घालविली. दोघेही आता सेवानिवृत्त असून एकाच छपराखाली राहतात, आणि दोघांच्या मतभेदांना जितकी वर्षे झाली आहेत तितकीच त्यांच्या परस्पर आदरालाही झाली आहेत. गेल्या गुरुवारी, मंदिराच्या गर्दीमुळे गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसताना, मी तेथे गेलो तो मामांनी निरोप पाठविला होता म्हणून. एका विद्यापीठाने आपल्या अध्यापकांपैकी ज्याने लोकस्वास्थ्याच्या प्रत्यक्ष कार्यात उत्कृष्टता दाखविली असेल अशा एकाचा दरवर्षी गौरव करण्याचे ठरविले होते. मामांची एक जुनी विद्यार्थिनी आता तेथे शिकविते. तिच्या नावाची शिफारस मामांनी करावी असे परिपत्रक आले होते. मामांचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून त्यांनी सांगावे आणि मी लिहावे अशी तजवीज होती. मी कागद पुढे ओढला, इतक्यात मावशी म्हणाली :

“बापू, ही शिफारस तू करू नकोस.”

“का, अक्का? ती मुलगी लायक नाही का?”

“लायक आहे म्हणूनच म्हणते. हे काम एकट्या माणसाचे नसते, असे तूच आम्हाला तीस वर्षे ऐकवीत आलास. गावातली आशा सेविका, उपकेंद्रावरची परिचारिका, टाकीवर चढून पाण्यात औषध टाकणारा ग्रामपंचायतीचा शिपाई, घराघरांत जाऊन नोंदी करणारी पोरे, ही सारी मिळून एक रोग हटवितात; आणि मग दीक्षान्त सभागृहात शाल मिळते ती एकीला. मी आयुष्यभर जमाखर्च पाहिला. ज्याने खर्च केला त्याच्या नावावर जमा पडली नाही, तर त्या कीर्दीवर मी सही करीत नसे. आपल्याच शहरातले उदाहरण घे. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते मिळावयासच हवे होते. पण ज्या रोग्याने आपल्या अंगावर ते डास चावू दिले, त्या हुसेन खानाला काय मिळाले? दर डासामागे एक आणा. त्या आण्यांची नोंद तरी राहिली म्हणून आज त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. तुझ्या या परिपत्रकात हुसेन खानासाठी रकाना कोठे आहे, ते मला दाखव.”

मामा काही वेळ गप्प राहिले. रॉस यांचे नाव या शहरात नल्लाकुंट्याच्या संसर्गजन्य रोगांच्या सरकारी रुग्णालयाला दिलेले आहे. परंतु रिक्षावाल्याला ते नाव सांगितले तर तो गोंधळतो, आणि ‘कोरंटी’ म्हटले की नेमका दारात नेऊन सोडतो. क्वारंटीन या शब्दाची ही हैद्राबादी घडण मला नेहमीच मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे. तेथे कोणता शास्त्रज्ञ गौरविला गेला याची आठवण लोकांनी ठेवली नाही. त्या भिंतींच्या आत काय केले जाई, तेवढे मात्र त्यांनी आपल्या जिभेवर जपून ठेवले.

“रॉस यांचेच पुढचे आयुष्य पाहा,” मामा म्हणाले. “पारितोषिक मिळाले ते शोधाला. पण त्यांची पुढची कितीतरी वर्षे गेली ती डबकी बुजवा, गटारे वाहती ठेवा, पाण्यावर तेल टाका, असे सरकारांना विनविण्यात. ते आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. इजिप्तमध्ये इस्माइलिया येथे सुएझ कालव्याच्या कंपनीने त्यांच्या सल्ल्याने डासांविरुद्ध मोहीम काढली, आणि तेथला हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. जगाने डासाच्या पोटातील जंतू लक्षात ठेवला. इस्माइलियाची बुजविलेली डबकी कोणाच्या स्मरणात आहेत? शोध लावणे ही विद्वत्ता, आणि तो शोध माणसाच्या अंगणापर्यंत नेऊन पोहोचविणे ही जणू नुसती मेहनत, असा भेद विद्यापीठे करीत आली आहेत. तो भेद कोठेतरी मोडावा, म्हणून मला ही शिफारस लिहावयाची आहे.”

येथपर्यंतचा वाद मी पूर्वीही ऐकला होता. पण त्या दिवशी मामा नलगोंड्यावर आले, आणि एकदा तेथे आले की ते लवकर परत फिरत नाहीत.

“१९५५ साली,” ते म्हणाले, “येथल्या ए. एच. सिद्दिकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातील फ्लोरोसिसवर एक निबंध लंडनच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. पाण्यातील फ्लोराइडमुळे पाठीचा कणा कसा एकसंध दांड्यासारखा ताठ होतो, सांधे कसे धरतात, माणूस कसा कायमचा वाकतो, हे त्यात तपशीलवार आले. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्याच्या कडेला, कृष्णेवर नागार्जुनसागर धरणाचा पाया घातला गेला. म्हणजे रोगाचे हे वर्णन आणि रोगावरच्या पाण्याचा आरंभ, दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्या. आणि तरीही वरच्या अंगाच्या गावांतील विहिरी होत्या तशाच राहिल्या. पुढे १९७३ साली आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांनी लॅन्सेटमध्ये लिहिले की, या भागातील गरीब पोरांचे गुडघे आत वळून एकमेकांना भिडत आहेत आणि हाडे विरळ होत आहेत. ते पोषणाचे आणि पाण्याचे मिळून दुखणे होते. हेही लेखन थोर होते. मी त्यावर विद्यार्थ्यांना शिकविले. पण अक्का, ज्या पोराचे गुडघे भिडले होते ते त्या लेखाने सरळ झाले नाहीत.”

“पण नागपूरकरांनी उपाय काढला होता ना?” मी विचारले.

“काढला. नागपूरच्या नीरी संस्थेने काढला आणि त्याला नावच नलगोंडा पद्धती असे दिले. जगातल्या पुस्तकांत ते नाव आहे. पण ती पद्धती म्हणजे काय, हे मी तुला दाखवितो.” असे म्हणून ते खरोखरच उठले, आणि न्हाणीघरातून एक बादली घेऊन आले.

“अशी चाळीस लिटरची बादली धर. तोटी तळाशी नाही, तळापासून चार बोटे वर. विहिरीच्या पाण्यात आधी चुना आणि ब्लीचिंग पावडर, मग तुरटीचे पाणी. दहा मिनिटे सावकाश ढवळावयाचे. घाई केली तर पुंजके धरत नाहीत, धरलेले फुटतात. मग तासभर हात लावावयाचा नाही. कापसाच्या पेळूसारखे पांढरे पुंजके खाली बसतात, आणि फ्लोराइड त्यांच्यासोबत खाली जाते. वरचे पाणी तोटीने काढून घ्यावयाचे, खालचा गाळ गुरे आणि पोरे जाणार नाहीत अशा जागी टाकावयाचा. इतकेच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष. आता त्या बाईचा विचार कर, जी पहाटे शेतावर जाते. तुरटी किती टाकावयाची हे पाण्यातील फ्लोराइडवर आणि त्याच्या क्षारतेवर ठरते. म्हणजे या विहिरीचे माप त्या विहिरीला लागू नाही, आणि उन्हाळ्याचे माप पावसाळ्याला नाही. तुरटी कमी पडली तर फ्लोराइड राहते, जास्त पडली तर पाणी तुरट लागते आणि पोर ते थुंकते. प्रयोगशाळेचे काम येथे संपते, आणि माझे येथून सुरू होत असे. प्रत्येक विहिरीचे माप काढून, ते चमच्याच्या हिशेबाने घरधनिणीला शिकवून, महिन्याने पुन्हा जाऊन ती खरोखर ढवळते का हे पाहावयाचे. मी एका गावात सलग दोन वर्षे गेलो. पहिल्या महिन्यात साठ बादल्या चालू होत्या, दुसऱ्या वर्षाअखेर अकरा. त्या अकरा कोणाच्या, आणि उरलेल्या एकोणपन्नास का बंद पडल्या, हे मी वहीत उतरविले. कोणाच्या घरी चुना संपला, कोणाची सून बाळंतपणाला गेली, कोणाला गाळ टाकावयास जागा नव्हती. माझ्या समजुतीने माझ्या हातून झालेले सर्वांत उपयुक्त शास्त्रीय काम ते. पदोन्नतीच्या मुलाखतीत ती वही मी समितीपुढे ठेवली. अध्यक्षांनी ती न उघडता बाजूला सरकविली आणि विचारले, निबंध किती, कोणत्या नियतकालिकात, आणि लेखकांच्या नावांत आपला क्रमांक कितवा? नलगोंड्यातल्या माझ्या नऊ वर्षांची नोंद ‘इतर कार्य’ या सदराखाली एका ओळीत झाली.”

बादली त्यांच्या हातात तशीच होती. मावशीने ती काढून घेऊन खाली ठेवली. ती म्हणाली त्यात कठोरता नव्हती. भावाची ती नऊ वर्षे तिने जवळून पाहिली होती.

“बापू, हे सारे मान्य. पण तुझ्या हकिगतीतूनच माझे म्हणणे सिद्ध होते. तुला त्या वेळी पदक हवे होते का? तुला हवी होती एक जीप, पाणी तपासण्याचे साहित्य, आठवड्यातले दोन दिवस, आणि ती वही उघडून पाहणारी समिती. पदक हे वर्षातून एकाला मिळते. बाकीचे नव्व्याण्णव पूर्वीसारखेच ‘इतर कार्य’ या सदरात राहतात, आणि संस्थेला मात्र आपले कर्तव्य झाले असे वाटते. भारतीय वैद्यकीय परिषदेने १९६२ साली डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावाने पारितोषिके ठेवली. उत्तम अध्यापकांनाही ती मिळत. माझी हरकत नाही. पण त्यामुळे मुलाखतीतला प्रश्न बदलला का? उलट सेवाग्राम पाहा. १९६९ साली सुशीला नायर यांनी तेथे महाविद्यालय काढले आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घ्यावयाचे, आरंभीच पंधरवडाभर त्या खेड्यात राहावयाचे, असा पायंडाच पाडला. तेथल्या डॉ. उल्हास जाजू यांच्यासारख्या प्राध्यापकांनी गावकऱ्यांकडून सुगीला ज्वारी घेऊन त्या बदल्यात रुग्णालयात उपचाराची हमी दिली. विम्याचा हप्ता ज्वारीत! हिशेबतपासनीस म्हणून मला ही गोष्ट फार आवडली. कारण शेतकऱ्याजवळ जे असते आणि जेव्हा असते, तेच आणि तेव्हाच मागितले गेले. तेथे लोकस्वास्थ्य हे सत्काराचे निमित्त नव्हते, रोजच्या कामाची शिस्त होती. आणि आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरच्या विद्यार्थ्यांना कुटुंबे दत्तक घ्यावयास लावले आहे. एखाद्या कामाचा याहून मोठा गौरव कोणता, की ते सर्वांसाठी नियम व्हावे?”

खरे सांगावयाचे तर या ठिकाणी मी मनाने मावशीच्या बाजूला गेलो होतो. नियमाला जी व्यापकता असते ती सन्मानाला नसते, आणि शाल-श्रीफळाने झाकून टाकलेल्या उपेक्षेची उदाहरणे आपल्या मराठी समाजाला कमी ठाऊक नाहीत.

मामा म्हणाले, “अक्का, नियमाचेही दुसरे अंग मी पाहिले आहे. भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते की, या देशाचा वैद्य हा समाजवैद्य असला पाहिजे. त्यातूनच माझ्या विषयाचे विभाग निघाले. १९७७ साली पुन्हा योजना निघाली, महाविद्यालयांनी खेड्यांतील आरोग्य केंद्रे आपलीशी करावीत म्हणून. मोठाल्या गाड्या आल्या. मी नोकरीस लागलो तेव्हा त्यांपैकी एक गाडी आवारात उभी असे. नियम होता, गाडी होती, हजेरीपत्रकही होते. नव्हता तो आदर. खेड्यात जाणारा अध्यापक म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेचा विभाग मिळाला नाही तो, अशी समजूत होती; आणि विद्यार्थ्याला ती पहिल्या आठवड्यातच कळे. शिकविणाऱ्यालाच जेथे मान नाही तेथे नियमाची केवळ पूर्तता होते. उद्या ही कुटुंब-दत्तक योजनाही तशीच होईल, जर तीत जीव ओतणाऱ्या माणसाला विद्यापीठाने आपल्या उत्तम विद्वानांत बसविले नाही. अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली हेच मांडले : नवे ज्ञान शोधणे, विखुरलेले ज्ञान जोडणे, ज्ञान व्यवहारात उतरविणे आणि ज्ञान शिकविणे, ही चारही विद्वत्तेचीच रूपे आहेत. तू म्हणतेस पदकाने प्रश्न बदलत नाही. मी म्हणतो, पदक देताना विद्यापीठाला एकदा तरी ठरवावे लागते की, या कामातली उत्कृष्टता म्हणजे काय. आणि ते एकदा ठरले की मुलाखतीतला प्रश्न बदलण्याची सुरुवात होते.”

“ठरवणार कसे?” मावशीने तत्काळ विचारले. “गौरव वर्षाचा. अहवाल बारा महिन्यांचा. शिबिरे किती, व्याख्याने किती, छायाचित्रे किती, हे मोजता येते. पण जो रोग झालाच नाही त्याची पावती कोण देणार? मी पन्नास खात्यांची दफ्तरे तपासली, बापू. जी गोष्ट घडली नाही तिचे व्हाउचर मला कोणी कधी दाखविले नाही.”

मामा यावर पुढे सरकले, आणि वादाच्या ऐन भरातही त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण कोमलता आली.

“तेच तर या मुलीने शोधले आहे. तू जरा ऐक. २०१६ साली मिशन भगीरथ सुरू झाले आणि कृष्णेचे पाणी नळाने गावोगाव नेण्याचे काम हाती घेतले गेले. सर्वांना वाटले, आता आपले काम संपले. हिला तसे वाटले नाही. तिने ठरावीक गावे धरली आणि घरोघर नोंद ठेवली की, पिण्यास कोणते पाणी, स्वयंपाकास कोणते, आणि ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी घागर कोठे भरली जाते. कारण नळ असणे वेगळे आणि नळाचेच पाणी पोटात जाणे वेगळे. आणि दुसरी गोष्ट : ती दरवर्षी जून-जुलैत त्या गावांच्या शाळांत जाते आणि दुसरीच्या वर्गातल्या मुलांचे दात पाहते.”

“दुसरीच्याच का?”

“कारण वरचे पुढचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी बाहेर येतात; पण त्यांवरचे कवच हिरड्यांच्या आत घडते ते आयुष्याच्या पहिल्या चार-पाच वर्षांत. त्या काळात पोर जे पाणी प्याले, ते दातावर लिहिले जाते आणि पुढे पुसले जात नाही. आधी खडूसारखे पांढरे डाग, मग पिवळट-तपकिरी पट्टे, फार झाले तर खड्डे. डीन नावाच्या दंतवैद्याने त्याच्या सहा प्रतवाऱ्या बांधून दिल्या आहेत. पोराला उजेडाकडे तोंड करून उभे करावयाचे, दात कापसाने पुसावयाचे, आणि पाहावयाचे. ज्या गावाच्या कागदावर नळ आला असे आहे, पण दुसरीतल्या पोरांच्या दातांवर पट्टे आहेत, तेथे ती परत जाते आणि कोणत्या घराचा नळ कोरडा आहे ते शोधून पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यापुढे बसते. आणि जेथे दात स्वच्छ निघतात...” मामांनी किंचित थांबून आवाज सावरला. “तेथे अक्का, ते स्वच्छ दात म्हणजे न झालेल्या रोगाचे व्हाउचर आहे. सात वर्षे मुरलेले. खोटे करता न येणारे.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. खाली गल्लीत आरतीची गर्दी परतू लागली होती.

मला त्या क्षणी जे वाटले ते येथे नमूद करतो. मामा आणि मावशी गौरव असावा की नसावा यावर भांडत होते. परंतु मला असे दिसले की, कोणाच्या साक्षीवर गौरव व्हावयाचा, याच एका प्रश्नावर त्याचे सारे मोल अवलंबून आहे. परिपत्रकात साक्षीदारांसाठी दोन जागा होत्या, आणि दोन्ही ‘प्राध्यापकाच्या हुद्द्याहून कमी नसलेल्या तज्ज्ञां’साठी राखलेल्या होत्या. निबंधाची पारख तज्ज्ञ करू शकेल, त्यात संशय नाही. पण दहा वर्षे गावात येत राहिलेल्या माणसाची पारख गावच करू शकते, आणि विद्यापीठाने गावाला विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती. मी हे बोलून दाखविले.

“मग तिसरी जागा आपण करू,” मामा म्हणाले. “पुरवणी जोड. शाळेच्या मुख्याध्यापकांचे, त्या गावच्या आशाताईंचे आणि टाकी सांभाळणाऱ्या माणसाचे निवेदन, त्यांच्या नावानिशी, तेलुगूत असेल तर तेलुगूत. विद्यापीठाला भाषांतर करून घेऊ दे. अक्का, तुझ्या हुसेन खानाचा रकाना तो.”

मावशीने परिपत्रक हातात घेतले, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, जसे ती कचेरीत प्रत्येक कागद वाचीत असेल. मग मला म्हणाली, “लिही, पण शिफारशीत ‘अद्वितीय’, ‘निःस्वार्थ’ असले शब्द घालू नकोस. किती गावे, किती शाळा, कोणत्या वर्षी किती पोरे पाहिली आणि कोणत्या प्रतवारीत किती निघाली, एवढेच असू दे. जेथे काम फसले ती गावेही लिही.”

“म्हणजे तुझी हरकत गेली?”

“माझी हरकत आहे तशी आहे. एकीला शाल आणि बाकीच्यांना टाळ्या, हे मला अजून पटलेले नाही. पण पुरावा मला समजतो. आणि ज्या पुराव्यावर शेरा मारावयाचा तो मी कधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.” तिने परिपत्रकाची मुदत पुन्हा एकदा पाहिली. “अजून बारा दिवस आहेत. ती मुलगी पुढच्या आठवड्यात कोणत्या शाळेत जाणार आहे, विचार. चौरस्त्यावरून नलगोंड्याची पहिली बस किती वाजता सुटते?”

मामांनी बस सकाळी किती वाजता असते ते सांगितले. मग स्वतःच म्हणाले की, ते वेळापत्रक फार जुने आहे, उद्या जाऊन विचारून येतो. मावशीने त्यांना म्हटले की, गुडघे दुखत असताना त्यांनी येण्याची गरज नाही. मामा काही बोलले नाहीत. ते आत गेले, आणि थोड्या वेळाने कपाटातून ती जुनी वही व एक चार्जिंगची बॅटरी घेऊन आले, व शाळेच्या खोलीत पावसाळ्यात उजेड कमी असतो, असे म्हणून बॅटरी चार्जिंगला लावू लागले.